सी की पायथन? आधी बाबांकडून एक मीटर आण

पत्र:

ताई नमस्कार. मी बडोद्यातच इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या सेमला आहे, राहायला दांडिया बाजार. फर्स्ट इयरला सी झालं पण खरं सांगायचं तर प्रोग्राम पाठ करून पास झालो. आता एक भाषा नीट शिकायचीय. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो जावा नाहीतर पायथन कर, सी म्हातारी झाली. वर्गातला मित्र म्हणतो खरा प्रोग्रामर व्हायचं तर सी, असेंब्ली आणि रस्ट, बाकी सगळा पोरखेळ. बाबा मकरपुऱ्यात पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत, ते म्हणतात आधी पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशिनं चालवणारा कंट्रोलर, शीक, भाषांचं नंतर बघू. त्यात आता एआय सगळा कोड लिहून देतो म्हणे, मग लो-लेव्हल, म्हणजे मशीनच्या जवळचं काम, शिकून करायचं काय? प्लेसमेंटला दीड वर्ष आहे, लॅपटॉप ४ जीबीचा. जावाचा एक क्लासही बघून ठेवलाय, सर्टिफिकेट देतात. नक्की काय करू? – दांडिया बाजारचा द्विधा

उत्तर:

अरे द्विधा, तुझ्या पत्रात तीन माणसं तीन दिशांना ओढतायत आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आतेभाऊ पुण्यात ज्या कामात आहे तिथे खरंच पायथन-जावाच चालतं, मित्राने व्हिडिओ बघून का होईना पण मुद्दा बरोबर पकडलाय, आणि बाबा तर रोज हाताने काम करतात, त्यांना कोण काय शिकवणार. फक्त या तिघांपैकी कोणीच तुला विचारलं नाही की बाबा रे तुला बनवायचं काय आहे. तेही राहू दे, दुसऱ्या वर्षाच्या पोराला हे माहीत नसतंच आणि नसलं तरी चालतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे खाली वाचताना जीव टांगणीला नको. आत्ता पायथन सुरू कर, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर सी, पण पहिल्या वर्षी केलंस तसं नाही, खऱ्या बोर्डावर. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या सूचना, वाचायला शीक, लिहायच्या मागे लागू नकोस. रस्ट आत्ता नको. जावा गरज पडली तर. आणि पायथन आणि सी दोन्ही एकाच कामासाठी वापरायच्या, ते काम तुझ्या बाबांच्या टेबलावर पडलेलं आहे, त्याच्याकडे येतेच.

आधी ते म्हातारीचं प्रकरण मिटवू. सी बेल लॅब्समध्ये डेनिस रिचींनी केली १९७२ च्या सुमारास, मान्य, वय झालंय. पण पायथन पहिल्यांदा बाहेर आलं १९९१ मध्ये आणि जावा १९९५ मध्ये, म्हणजे आतेभावाच्या या दोन तरुण भाषांनीही तिशी कधीच ओलांडलीय. आणि आतेभाऊ रोज जे पायथन चालवतो त्याचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, स्वतः सी मध्ये लिहिलेला आहे, आकडेमोडीला जी नमपाय लायब्ररी वापरतात तिचा गाभाही सी मध्येच. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, तोही जवळजवळ सगळा सी. तेव्हा म्हातारी म्हणा हवं तर पण घर अजून तीच चालवतेय. मित्राला सांगायचं तर उलट बाजूने, की ज्याला पोरखेळ म्हणतोस त्यात लोक बँका, तिकीट बुकिंग, हॉस्पिटलचे रेकॉर्ड चालवतात, आणि त्यातले बरेचसे लोक आयुष्यात एकदाही पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, न लिहिता उत्तम काम करून रिटायर होतील.

आता काम. बाबा पॅनलच्या कंपनीत आहेत ना, मग त्यांच्याकडे एखादं डिजिटल एनर्जी मीटर पडलेलं असणारच, पॅनलच्या दारावर बसवतात ते, व्होल्टेज, करंट, युनिट दाखवणारं. त्यातलं आरएस-४८५ पोर्ट, म्हणजे दोन तारांवरून आकडे पाठवायची सोय, असलेलं माग, मागे दोन स्क्रू असतात, ए आणि बी किंवा प्लस-मायनस लिहिलेलं असतं. हे मीटर मॉडबस बोलतं. मॉडबस म्हणजे मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेली बोलायची पद्धत, अजूनही मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल, कुठल्याही कारखान्यात जा, मीटर, ड्राइव्ह, पीएलसी सगळे हेच बोलताना सापडतील. इतकं साधं आहे म्हणूनच टिकलंय.

पायथनने काय करायचं तर यूएसबी टू आरएस-४८५ कन्व्हर्टर आणायचा, काहीशे रुपयांत मिळतो, दोन तारा जोडायच्या, मिनिमलमॉडबस नावाची लायब्ररी टाकायची आणि मीटरला विचारायचं की बाबा व्होल्टेज किती. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम. एक-दोन संध्याकाळी गेल्या की आकडा स्क्रीनवर. मग तो दर मिनिटाला वाचून फाइलमध्ये लिही, ग्राफ काढ, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठव, दुपारी व्होल्टेज किती पडतं ते बाबांना दाखव. हे सगळं करताना लूप, फंक्शन, डिक्शनरी, फाइल, एरर पकडणं, सगळं आपोआप शिकून होतं, आणि मुख्य म्हणजे काहीतरी चाललेलं दिसतं. पहिल्या वर्षी तुझं सी पाठांतरावर गेलं त्याचं कारण तू ढ आहेस असं नाही, त्या प्रोग्राममधून काही निघतच नव्हतं, त्रिकोण काढायचा चांदण्यांचा आणि फिबोनाची, कोणाला काय पडलंय.

पण एक सांगून ठेवते, तो आकडा बहुतेक पहिल्या फटक्यात चुकीचा येणार. आणि इथूनच मजा चालू होते म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली अडचण पत्त्याची. मीटरच्या कागदात लिहिलेलं असतं की व्होल्टेज ४०००१ वर आहे, तू प्रोग्राममध्ये ४०००१ टाकतोस आणि मीटर एरर देतं. कारण तो ४ नुसता प्रकार सांगतो, होल्डिंग रजिस्टर म्हणून, रजिस्टर म्हणजे मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा, आणि मोजणी कागदावर १ पासून पण तारेवर ० पासून, म्हणजे ४०००१ चा खरा पत्ता शून्य. काही कंपन्या कागदावरच शून्यापासून मोजतात, मग एकने मागेपुढे करून बघावं लागतं. हे समजलं की दुसरी अडचण, आकडा येतो पण येतो काहीच्या काही. मीटरवर दिसतंय २३० व्होल्ट आणि तुझ्या स्क्रीनवर येतंय २.४ गुणिले दहाचा उणे ४१ वा घात, म्हणजे शून्यच समज. मीटर बिघडलं? नाही. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटचं आणि दशांशवाला आकडा ३२ बिटचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत तोडून पाठवतात. २३०.० हा आकडा ३२ बिटच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशवाल्या साच्यात, लिहिला की हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, होतो ४३६६ ००००. आता काही मीटर आधी ४३६६ पाठवतात मग ००००, आणि काही आधी ०००० आणि मग ४३६६. तू उलट जोडलंस की झालं ०००० ४३६६, आणि तो आकडा फ्लोट म्हणून वाचला की बरोब्बर ते उणे ४१ वालं भूत. लायब्ररीत एक ऑप्शन बदललास की २३० येईल, पण तो ऑप्शन का आहे हे कळायला तुला बिट्समध्ये खाली उतरावंच लागलं की नाही? कोणी सांगितलं नव्हतं लो-लेव्हल शीक म्हणून, मीटरने उतरवलं. मी पायथन आधी म्हणतेय ते यासाठीच, वरून सुरू केलंस तरी कामात जीव असेल तर खाली जावंच लागतं, फक्त तेव्हा तुझ्याकडे खाली जायचं कारण असतं.

(मित्राला हे कोडं घाल. ४३६६ ०००० म्हणजे किती व्होल्ट, कागदावर काढून दाखव म्हणावं. जमलं तर त्याचं रस्ट माफ.)

मग दिवाळीनंतर सी. आणि हो, त्याआधीच्या पायथनच्या हिशोबात नवरात्रीचे नऊ दिवस धरूच नकोस, बडोद्यात त्या दिवसांत कोण अभ्यास करतं. आता तेच मीटर, पण लॅपटॉप बाजूला. आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घे, आर३ वालाच, आरएस-४८५ शी जोडणारं मॅक्स४८५ चं छोटं मॉड्यूल घे, एक १६ बाय २ चा एलसीडी. ऊनोच का, हल्ली त्याच्यापेक्षा जोरदार बोर्ड त्याच किमतीत मिळतात हे मला माहितीय, ईएसपी३२ मध्ये तर वायफायसुद्धा आहे. पण ऊनोच्या चिपला रॅम आहे २ केबी, फ्लॅश ३२ केबी. लॅपटॉपवरच्या पायथनला १ हा साधा आकडा साठवायला २८ बाइट लागतात, असे ७३ आकडे ठेवले की ऊनोची सगळी रॅम संपली, प्रोग्रामला जागाच नाही. शिकायला मला ही अडचण हवीच आहे. जागा कमी पडली की माणूस विचारतो की हे कुठे राहतं, किती खातं, कधी सुटतं, आणि सी मध्ये शिकायचं म्हणजे एवढंच तर आहे.

कॉलेजात तू बहुतेक टर्बो सी वर केलं असशील, ती निळी स्क्रीन, कोनिओ डॉट एच, गेटसीएच, व्हॉइड मेन. ते १९९० च्या आसपासचं डॉसवरचं सॉफ्टवेअर आहे आणि आजही आपल्याकडे पोरांना त्यावर सी शिकवतात. त्यात इंट दोन बाइटचा, म्हणून ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२७६८, परीक्षेत हे आउटपुट विचारतात आणि पोरं पाठ करतात. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम चालवला तर ३२७६८ येतं कारण तिथे इंट चार बाइटचा. आणि गंमत म्हणजे ऊनोवर इंट परत दोन बाइटचा. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या मिलिस फंक्शनमधून आलेली वेळ तू इंटमध्ये ठेवलीस तर ३२ सेकंद सगळं झकास चालेल आणि मग वेळ उणे होऊन प्रोग्राम वेड्यासारखा वागेल. टेबलावर दहा सेकंद बघून चाललं म्हणून उठलास की संपलं. अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवलीस तरी साधारण ५० दिवसांनी तो काटा परत शून्यावर येतोच, वजाबाकी नीट लिहिली असेल तर काही बिघडत नाही, नसेल तर पॅनल दीड महिन्यानंतर एकदा अडकतं आणि रीसेट केलं की परत चालतं, मग साइटवरचे लोक म्हणतात काही नाही साहेब अधूनमधून होतं असं. बाबांना विचार, असे किस्से त्यांच्याकडे ढिगाने असतील. म्हणून सवय लाव, इंट लिहायचाच नाही, इंट१६_टी, यूइंट३२_टी असं आकार सांगून लिहायचं, १९९९ च्या सी स्टँडर्डपासून ते आहे.

आणि आरएस-४८५ ची खरी गोष्ट तर सी मध्येच कळते. दोन तारांवरून एका वेळी एकच जण बोलू शकतो. मॅक्स४८५ ला दिशा ठरवणाऱ्या दोन पिना असतात, डीई आणि आरई, त्या एकत्र जोडून एकच पिन समजायची, वर केली की आपण बोलणार, खाली केली की ऐकणार. पायथनमध्ये हे तुला दिसलंच नाही कारण कन्व्हर्टर आपलं आपण करत होता. आता तू करायचं. प्रश्न पाठवायचा ८ बाइटचा, मीटरचा नंबर, काय हवंय, कुठून, किती आणि शेवटी दोन बाइट सीआरसी, म्हणजे निरोप नीट पोचला का ते तपासायचा आकडा, आणि लगेच पिन खाली. लगेच म्हणजे केव्हा? चिपमध्ये दोन वेगळे फ्लॅग असतात, एक सांगतो की रजिस्टर रिकामं झालं पुढचा बाइट टाक, दुसरा सांगतो की शेवटचा बिट खरोखर तारेवर गेला. पहिल्यावर विश्वासून पिन खाली केलीस तर शेवटचा बाइट अर्ध्यात कापला जातो, सीआरसी चुकतो, आणि मीटर शिव्याही देत नाही, नुसतं गप्प बसतं. उशिरा खाली केलीस तर मीटरच्या उत्तराची सुरुवात हुकते. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, एक बाइट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि दोन निरोपांच्या मध्ये साडेतीन अक्षरांएवढी शांतता ठेवायची असते, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, एवढ्यात सगळा खेळ. मला विचारशील तर लो-लेव्हल म्हणजे हे, अवघड गणित वगैरे काही नाही, तारेवर आत्ता या क्षणाला काय चाललंय हे माहीत असणं.

ऊनोला हार्डवेअर सिरियल पोर्ट एकच असतो आणि तोही यूएसबीशी वाटून घेतलेला, म्हणजे मीटर त्यावर लावलंस तर प्रोग्राम टाकताना तार काढायला लागेल आणि प्रिंट करून काही बघता येणार नाही. वैतागशील. म्हणून तारेवरचे सिग्नल टिपणारा आठ चॅनलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर घे, हजाराच्या आत येतो, पल्सव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते तारेवरचा मॉडबस उलगडून बाइट बाइट दाखवतं. कापलेला सीआरसी एकदा डोळ्यांनी बघितलास ना की पुढे जन्मात विसरणार नाहीस.

असेंब्लीबद्दल थोडक्यात. तुमच्या लॅबमध्ये ८०८५ या जुन्या प्रोसेसरचं किट असेल, हेक्स कीपॅडवर एकेक बाइट टायपायचा, ते सिलॅबसपुरतं कर आणि सोड. त्यापेक्षा कंपायलर एक्सप्लोरर नावाची साइट उघड, डावीकडे सी लिही, उजवीकडे त्याची असेंब्ली लगेच दिसते. शून्यापासून एन पर्यंत बेरीज करणारा साधा लूप लिही, क्लँग कंपायलर निवड, ऑप्टिमायझेशन ओ-टू कर आणि बघ, लूपच गायब, त्याने शाळेतलं सूत्र वापरून गुणाकार करून टाकलेला असतो. हे बघितलं की हाताने असेंब्ली लिहून कंपायलरला हरवायचं खूळ डोक्यातून जातं. वाचता आली पाहिजे, कारण कधीकधी बोर्ड का अडकला ते तिथेच दिसतं.

आता रस्ट. मी विरोधात नाहीये, उलट मला ती भाषा आवडते. २०१५ मध्ये पहिलं पक्कं व्हर्जन आलं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये लिनक्स कर्नल ६.१ मध्ये तिला जागा मिळाली, म्हणजे हौशी लोकांचा खेळ नक्कीच नाही. ती का आली ते तुझ्याच मीटरवरून सांगते. मीटरच्या उत्तरात एक बाइट असतो, पुढे किती बाइट डेटा आहे हे सांगणारा. तू १६ बाइटचा बफर, म्हणजे डेटा ठेवायची जागा, ठेवलायस आणि तो बाइट म्हणतो २००. सी मध्ये तू त्याच्यावर विश्वास ठेवून कॉपी केलंस तर सी काही बोलत नाही, शेजारच्या मेमरीवर बिनधास्त लिहून मोकळी होते. पायथन एरर देऊन थांबलं असतं. समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायची हीच सवय २०१४ मध्ये वेबसाइटची गुप्तता सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीत सापडली, हार्टब्लीड म्हणून गाजलं, तिथे लिहिण्याऐवजी वाचणं होतं, कोणीही बाहेरून मागावं आणि सर्व्हरने आपल्या मेमरीतले ६४ केबीपर्यंत तुकडे द्यावे. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सिक्युरिटी अपडेट्समध्ये बुजवलेल्या भोकांपैकी साधारण ७० टक्के या मेमरीच्या घोळातली. रस्टचा कंपायलर यातलं बरंच काही आधीच अडवतो. पण तो अडवतो तेव्हा तो का भांडतोय हे ज्याने सी मध्ये एकदा तरी मेमरी खराब करून घेतलीय त्यालाच कळतं, नवख्याला वाटतं ही बाई उगाच खडूस आहे. शिवाय मकरपुऱ्यातल्या किती कंपन्या आज फ्रेशरला रस्टवर घेतील असं तुला वाटतं? तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कर, महिनाभरात गोडी लागेल. तोवर जीसीसी ला सगळ्या वॉर्निंग्ज आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारी तपासणी, चालू ठेव, लॅपटॉपवर बरीच भुतं तेच पकडून देतं.

बाबांचं पीएलसी. ऐक त्यांचं. पोरांना लॅडर, म्हणजे पीएलसीची चित्रातली भाषा, बघून वाटतं हे काय रिले-कॉन्टॅक्टची चित्रं, याला कोण प्रोग्रामिंग म्हणतं. पण कारखान्यातली बहुतेक मशिनं त्यावरच चालतात आणि १९९३ पासून त्याच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात लॅडरबरोबर स्ट्रक्चर्ड टेक्स्टही येतं, ते वाचलंस तर तुला सरळ प्रोग्रामिंगच दिसेल. मात्र सुरुवात त्याने नको, सॉफ्टवेअर कंपनीगणिक वेगळं, लायसन्सची कटकट वेगळी. मीटरचं काम झालं की सुट्टीत बाबांबरोबर एक पंधरा दिवस शॉपफ्लोअरवर जा, मॉडबस तुला येतच असेल, अर्धं तिथेच समजेल. एक मात्र आत्ताच डोक्यात ठेव, त्या लायनीत साइटवर फिरणं खूप, कमिशनिंगला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करून द्यायला, रात्र रात्र बसावं लागतं, ते आवडतं का हे बाबांच्या दिनक्रमाकडे बघून तूच ठरव.

नोकरीचं सरळ बोलते. जागा जास्त आहेत वेब, अ‍ॅप आणि डेटाच्या बाजूला, म्हणजे पायथन, जावा, जावास्क्रिप्ट. फर्मवेअरच्या, म्हणजे उपकरणाच्या आतल्या प्रोग्रामच्या, जागा कमी, पण तिथे रांगेत उभे राहणारेही कमी आणि त्यातले निम्मे पॉइंटरला अडखळतात. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या भाषा फारशी बघत नाहीत, घेतल्यावर त्याच शिकवतात, त्यांना अ‍ॅप्टिट्यूड आणि थोडं कोडिंग लागतं, ते तू पायथनमध्ये करू शकतोस, म्हणून जावासाठी आत्ता जीव काढू नको. आणि आपलं बडोदं म्हणजे विजेच्या सामानाचं गाव, मीटर, स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर तपासणारी इर्डा ही संस्था मकरपुऱ्यातच बसलीय, आजूबाजूला पॅनल, ड्राइव्ह, इन्स्ट्रुमेंटवाल्यांचं जाळं. या गावात ज्याला मीटरमधला आकडा तारेवरून उचलून स्क्रीनवर ग्राफ करून दाखवता येतो, वर आणि खाली दोन्हीकडे हात फिरतो, तो इंटरव्ह्यूला टेबलावर मीटर ठेवूनच बोलू शकतो. तुझ्या वर्गात इलेक्ट्रिकलची किती पोरं हे करतायत बघ जरा.

एआयचं म्हणशील तर वापर की, मी पण वापरते. मॉडबस वाचायचा कोड तो तुला झटक्यात लिहून देईल आणि बहुतेक चांगलाच देईल. पण तुझ्या मीटरची रजिस्टरं शून्यापासून आहेत की एकपासून, आधी ४३६६ येतं की ००००, आणि पिन अर्धा मिलिसेकंद लवकर खाली गेली, हे त्याला तारेवरून दिसत नाही, ते तूच बघून त्याला सांगायचंस, आणि सांगायला तुला ते दिसलं पाहिजे. शिकत असताना एवढंच पथ्य पाळ की पहिलं व्हर्जन स्वतः लिहायचं, कितीही वाकडं होऊ दे, मग त्याला दाखवून विचार की यात काय चुकलंय.

राहिलं किरकोळ. ४ जीबीचा लॅपटॉप या सगळ्याला पुरतो, वर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई वाली आवृत्ती टाक म्हणजे तोही सुखी तूही सुखी. जावाच्या सर्टिफिकेटवाल्या क्लासला पैसे भरू नकोस, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल साइटवर सी आणि पायथन दोन्हीचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. त्या पैशात बोर्ड, मॉड्यूल, अ‍ॅनालायझर सगळं येऊन शेव-उसळीचेही सुटतील. आणि मीटर घरी आणलंस तरी त्याची २३० व्होल्टची बाजू बाबा घरी असतानाच आणि त्यांच्याच हाताने जोडून घे, फ्यूज टाकून आणि टर्मिनलवर कव्हर लावून, तुझ्या वाट्याला फक्त त्या ए आणि बी च्या दोन तारा.